कॉलेजातून सरकारी सेवेत : मुलं-मुली पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी महसूल खात्यात आहे. आधी तलाठी होतो, नंतर परीक्षा देऊन नायब तहसीलदार झालो. सुट्टीच्या शनिवारी जवळपासच्या कॉलेजांत जाऊन पदवीच्या मुलांशी सरकारी सेवेबद्दल बोलतो, कारण चांगली मुलं या कामात यावीत असं मला मनापासून वाटतं. कार्यक्रमात फारसं कुणी बोलत नाही. प्रश्न येतात ते रात्री, फोनवर, आणि बहुतेक वेळा तेच ते. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. अटी जाहिरातीगणिक बदलू शकतात, तेव्हा अर्ज भरताना त्या-त्या जाहिरातीतला शब्द अंतिम धरा.

१. सर, मी बी.ए. करतोय आणि टक्केवारी कमी आहे. चालेल का?

चालेल. राज्यसेवा, अराजपत्रित गट-ब, तलाठी अशा बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी पुरते, टक्क्यांची अट नसते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. शेतात किंवा दुकानात काम करत मुक्त विद्यापीठातून शिकलेली मुलं-मुली अर्ज भरतानाच कचरतात, त्यांनी अजिबात कचरू नये. अभियांत्रिकी, कृषी, वन अशा तांत्रिक सेवांना मात्र त्या विषयाची पदवी लागते. टक्के बघितले जातात ते फेलोशिपसारख्या ठिकाणी (प्रश्न १४).

२. शेवटच्या वर्षाला आहे. निकाल लागायचाय. फॉर्म भरू का?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससीच्या) पूर्वपरीक्षेचा भरा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना पूर्वपरीक्षा देता येते. मुख्य परीक्षेचा अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत मात्र पदवी हातात हवी. म्हणून शेवटच्या सत्रात एकही विषय मागे राहू देऊ नका. पूर्व पास होऊन एका विषयापायी मुख्य परीक्षा हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

तलाठी किंवा जिल्हा परिषदेच्या सरळसेवा भरतीचं गणित वेगळं. तिथे अर्जाच्या शेवटच्या दिवशी पदवी पूर्ण झालेली लागते. ‘निकाल लवकरच लागणार आहे’ हे कारण तिथे कुणी ऐकत नाही.

३. सरकारी नोकरी म्हणजे एमपीएससीच ना?

नाही, आणि हा गैरसमज आपल्या मुलांना फार महाग पडतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग हा एक दरवाजा झाला. त्याच्या राजपत्रित परीक्षेतून उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी अशी पदं भरतात. अराजपत्रित गट-ब मध्ये सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक येतात, आणि गट-क मध्ये कर सहायक, लिपिक-टंकलेखक, राज्य उत्पादन शुल्कचे दुय्यम निरीक्षक.

आयोगाबाहेर सरळसेवा आहे : तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), वनरक्षक, आरोग्य विभाग, नगरपरिषदा. पोलीस शिपाई भरती स्वतंत्र. आणि केंद्राचं तर अख्खं अंगण मोकळं आहे : यूपीएससी, स्टाफ सिलेक्शन कमिशन, रेल्वे, टपाल खातं. स्टाफ सिलेक्शनच्या दहावीच्या पातळीवरच्या एमटीएस आणि बारावीच्या पातळीवरच्या सीएचएसएल परीक्षांची प्रश्नपत्रिका २०२३ पासून मराठीतही मिळू लागली. कॉलेजात मी हे सांगतो तेव्हा निम्मा वर्ग पहिल्यांदाच ऐकत असतो.

४. वयाची अट काय? किती वेळा देता येते?

राज्यसेवेला १९ ते ३८, मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ४३ पर्यंत, दिव्यांगांना ४५ पर्यंत. पोलीस उपनिरीक्षकाला खुल्या वर्गात ३१ आणि मागासवर्गीयांना ३४. पोलीस शिपायाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३. यूपीएससीला २१ ते ३२, इतर मागासवर्गाला ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७.

प्रयत्नांची मर्यादा यूपीएससीला आहे : खुल्या वर्गाला ६, इतर मागासवर्गाला ९, अनुसूचित जाती-जमातींना वयात बसेल तितके. एमपीएससीने अशी मर्यादा आणली होती, पण ती मागे घेतली. ३८ पर्यंत दार उघडं आहे म्हणून ३८ पर्यंत तिथेच उभं राहायचं का, याबद्दल प्रश्न १७ मध्ये लिहिलंय.

५. या नोकरीत रोज काम तरी काय असतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, कारण बाकीचे गाडी आणि बंगल्यावर थांबतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्याच पावसामुळे आयोगाने २८ सप्टेंबरची राजपत्रित पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरवर ढकलली. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना तेवढीच बातमी दिसली. इकडे आमचे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गुडघाभर चिखलातून पंचनामे करत होते. माझ्या डोळ्यांसमोरून एक वावर जात नाही. सोयाबीन आडवं झालेलं, उभ्या झाडावरच्या शेंगांना कोंब फुटलेले, आणि बांधावर एक म्हातारी पिशवीत सातबारा घेऊन उभी. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत मिळते. तलाठीण बाईंनी फोटो काढला, गट नंबर तपासला, आजींच्या बँक पासबुकावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं ते तिथेच लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ते काम मार्गी लावलं. त्या बाईंनी ते नाव तसंच पुढे रेटलं असतं, तर आजींचे पैसे कुठेतरी अडकून पडले असते आणि का अडकले हे त्यांना कधी कळलंही नसतं.

एरवीचे दिवस साधे असतात. वारसनोंदी, फेरफाराच्या नोटिसा, उत्पन्नाचे दाखले, निवडणूक असेल तर मतदारयादी, उन्हाळ्यात टँकर. फेरफाराची नोंद तलाठी घेतो आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतो, एवढं वाक्य पाठ करणं वेगळं. दोन भाऊ समोर उभे राहून भांडत असताना ती नोंद धरणं वेगळं. पदवीच्या सुट्टीत आपल्या गावच्या तलाठ्याला विचारून एक दिवस सजात (तलाठी कार्यालयात) बसून पाहा. हे काम आपल्याला जमेल का, ते त्या एका दिवसात कळेल.

६. पगार किती हातात पडतो?

सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन असं : लिपिक १९,९००, तलाठी २५,५००, पोलीस उपनिरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी ३८,६००, उपजिल्हाधिकारी ५६,१००. त्यावर महागाई भत्ता आणि गावाप्रमाणे घरभाडे भत्ता. पेन्शनबद्दल घरात जुन्या आठवणी असतात, म्हणून सांगतो : राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. दरमहा आपल्याही पगारातून वर्गणी कापली जाते.

७. राज्यसेवेचा पॅटर्न बदलला म्हणतात, म्हणजे नक्की काय?

पूर्वपरीक्षा अजून बहुपर्यायीच आहे. सामान्य अध्ययनाचा पेपर २०० गुणांचा, सीसॅट म्हणजे कल चाचणीचाही २०० चा, पण सीसॅटला फक्त ३३ टक्के मिळवून पास व्हायचं. ते गुण मेरिटमध्ये धरत नाहीत. चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापतात.

बदल झाला तो मुख्य परीक्षेत. आता ती यूपीएससीसारखी लेखी आहे. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर पास होण्यापुरते, त्यात २५ टक्के हवेत. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५० : एकूण १७५०. मुलाखतीचे २७५ त्याशिवाय. हा बदल २०२३ पासून लागू व्हायचा होता. मुलांनी पुण्यात आंदोलन करून वेळ मागितला आणि आयोगाने तो २०२५ वर नेला.

कॉलेजातल्या मुलांना हा बदल फायद्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मराठी साहित्य ज्यांचा पदवीला मुख्य विषय आहे, त्यांचा वैकल्पिक विषय वर्गातच तयार होतो, फक्त वर्गात जायला हवं. उत्तर लिहिण्याची सवय मात्र मोडलेली असते. रोज एक प्रश्न घ्या, दीडशे शब्दांत लिहा आणि आपल्या प्राध्यापकांना दाखवा. तपासून देणारे प्राध्यापक अजून आहेत, आपणच त्यांच्याकडे जात नाही.

कृषी, स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वनसेवेकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की राजपत्रित पूर्वपरीक्षा एकत्रच होते, मुख्य परीक्षा मात्र आपापल्या सेवेची वेगळी असते.

८. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय. अडेल का?

राज्याच्या सेवेत मुळीच नाही. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते. उलट मराठी लिहिता, वाचता, बोलता येणं ही राज्य सेवेची अटच आहे. यूपीएससीलाही मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीतच असते, म्हणून वाचण्यापुरतं इंग्रजी पक्कं करावंच लागतं. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान, शब्दकोश शेजारी ठेवून. पहिला महिना जड जातो.

९. पुण्याला गेल्याशिवाय होत नाही, असं सगळे म्हणतात. जाऊ का?

मला सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात तयारीचं एक अख्खं गाव वसलंय. पहाटे अभ्यासिका उघडतात, रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, झेरॉक्सच्या दुकानात कालच्या व्याख्यानाच्या नोट्स मिळतात. एकाच वाटेवरचे सोबती मिळतात, हा त्याचा खरा फायदा. तोटाही तोच. चहाच्या टपरीवर रोज कटऑफची आणि लांबलेल्या निकालाची चर्चा, आणि चर्चा करून परतल्यावर अभ्यास झाल्यासारखं वाटतं. कॉटबेसिसची खोली, मेस, अभ्यासिका आणि पुस्तकं मिळून महिन्याचा खर्च दहा-बारा हजारांच्या खाली क्वचितच येतो. क्लासची फी त्याहून वेगळी. कोरडवाहू तीन एकराच्या घराला हा आकडा किती मोठा असतो, ते मला सांगायला नको.

माझा सल्ला असा आहे. पदवी चालू असताना जाऊ नका. ती तीन वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात बसा, सहावी ते बारावीची शालेय पुस्तकं, राज्यघटना आणि महाराष्ट्राचा भूगोल-इतिहास पक्का करा, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. एकदा पूर्वपरीक्षा खरोखर देऊन पाहा. गुण कटऑफच्या जवळ आले, तर मुख्य परीक्षेच्या तयारीसाठी सहा-आठ महिने जाणं समजू शकतं. पहिली पूर्वही न देता, ‘तिथे गेलं की होतं’ म्हणून गेलेल्या मुलाचं पहिलं वर्ष शहर समजून घेण्यातच जातं. मी स्वतः तलाठी असताना, गावातल्या वाचनालयात बसून पुढची परीक्षा दिली. सगळ्यांना तसं जमेल असं म्हणत नाही, पण ती वाटही आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो.

१०. फुकट शिकवणाऱ्या सरकारी संस्था खरंच आहेत का?

आहेत, आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षा कॉलेजात असतानाच माहीत असायला हव्यात. मुंबईत सीएसएमटी स्थानकासमोर राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे. नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक आणि अमरावतीला तशीच प्रशिक्षण केंद्रं आहेत. पुण्यात यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेत यूपीएससीसाठी केंद्र आहे. याखेरीज अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. यांच्याकडून प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळतं. जाहिरात आली की अर्ज करायला थोडेच दिवस असतात, आणि प्रश्न ११ मधली कागदपत्रं इथेही लागतात.

११. कागदपत्रं कधी काढायची? निवड झाल्यावर काढली तर?

आज काढा.

एका निवड प्रक्रियेत पडताळणीच्या टेबलाशेजारी मी उभा होतो. समोरच्या मुलीचे गुण चांगले होते. तिने नॉन-क्रिमिलेअर (मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) काढून दिलं, ते मुदत संपलेलं होतं. नवीन होतं, पण जाहिरातीत दिलेल्या तारखेनंतर काढलेलं. टेबलामागच्या माणसाने दोन्ही कागद दोनदा उलटेपालटे करून पाहिले. त्याच्या हातात काहीच नव्हतं. ती मुलगी कागद पुन्हा प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालत होती आणि ते नीट आत जात नव्हते. त्या दिवसापासून मी कॉलेजात अभ्यासाआधी कागदांवर बोलतो.

फाइल अशी लावा. दहावीचं गुणपत्रक आणि सनद, कारण नाव आणि जन्मतारीख तिथूनच पाहतात. शाळा सोडल्याचा दाखला. अधिवास प्रमाणपत्र. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर. वैधता समितीकडे पणजोबा-आजोबांच्या शाळेतल्या किंवा महसुली नोंदी मागतात, त्या शोधायला महिने जातात. म्हणून बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी वैधता काढली नसेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षीच अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअर (प्रश्न १२). आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच असतो आणि इतर कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्यांसाठीच असतो. दाखल्यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतात.

नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो आत्ताच दुरुस्त करा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जपून ठेवा.

सोबत संगणकाचं एमएस-सीआयटी करून ठेवा. लिपिक पदासाठी टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. 

१२. वडील शाळेत शिक्षक आहेत, पगार आठ लाखांच्या वर जातो. मला नॉन-क्रिमिलेअर मिळेल का?

बहुतेक वेळा मिळतं, आणि इथे सर्वाधिक घोळ होतो. शासकीय नोकरीतल्या पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या हिशेबात धरत नाहीत. तिथे पालकांचं पद पाहतात. वडील किंवा आई थेट गट-अ मध्ये लागलेले असतील, किंवा दोघंही गट-ब मध्ये, तर क्रिमिलेअर. प्राथमिक शिक्षक गट-क मध्ये येतो. दुकान, भाडं, व्यवसाय अशा इतर उत्पन्नाला आठ लाखांची मर्यादा लागते. अनुसूचित जाती-जमातींना हे प्रमाणपत्र लागतच नाही.

लग्न झालेल्या मुलींनी ध्यानात ठेवावं : नॉन-क्रिमिलेअर आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या पगारावर नाही. जातही वडिलांकडचीच धरतात.

१३. मुलींसाठी जागा राखीव असतात, पण मी खुल्या वर्गातली आहे. मला मिळतील?

हो. महिलांचं ३० टक्के आरक्षण समांतर आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गात, खुल्यातही, ते लागू होतं. खुल्या वर्गातल्या मुलींना आधी त्यासाठी नॉन-क्रिमिलेअर लागायचं, ती अट २०२३ मध्ये काढली. खेळाडूंना ५ टक्के, दिव्यांगांना ४ आणि अनाथांना १ टक्का आरक्षण असंच समांतर आहे. बालगृहात वाढलेल्या मुलांना हा एक टक्का बहुधा माहीतच नसतो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर आजच सांगा. अर्जात समांतर आरक्षणाच्या रकान्यावर खूण केली नाही, तर नंतर तो लाभ मागता येत नाही.

१४. मुख्यमंत्री फेलोशिप आणि युवा कार्य प्रशिक्षण यांतून सरकारी नोकरी लागते का?

दोन्हींतून नोकरी लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, आणि जागा मोजक्या, साठच्या घरात असतात. वर्षभर एखाद्या विभागात किंवा जिल्ह्यात बसून धोरण जमिनीवर कसं उतरतं ते आतून दिसतं. ज्याला परीक्षा द्यायचीच आहे, त्यालाही हे वर्ष वाया जात नाही.

युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची. १८ ते ३५ वयाच्या बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. प्रशिक्षण मुदतीपुरतं असतं, मुदत संपली की संपलं. आमच्या कार्यालयातल्या प्रशिक्षणार्थी मुलांना मी एकच सांगतो : इथे टपाल आवक-जावक, टिपणी लिहिणं, फाइल कशी फिरते हे शिकून घ्या आणि संध्याकाळी अभ्यासाला बसा.

१५. पोलीस उपनिरीक्षक व्हायचंय, पण उंची काठावर आहे.

मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५७. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ ने वाढायला हवी. अनवाणी मोजतात. कॉलेजच्या व्यायामशाळेत किंवा दवाखान्यात आजच नीट मोजून घ्या. एक-दोन सेंटिमीटर कमी असताना ‘बघू’ म्हणत तीन वर्षं घालवू नका. तोच अभ्यास राज्य कर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी पदांना चालतो, तिथे उंचीची अट नाही. मुख्य परीक्षेनंतरची शारीरिक चाचणी पार केल्याशिवाय मुलाखतीला बोलावत नाहीत, म्हणून धावणं अभ्यासासोबतच चालू ठेवा. शिपाई भरतीत मुलींना उंची १५५ आहे, मुलांना १६०० मीटर धावावं लागतं.

१६. एक जण अमुक लाखांत तलाठी करून देतो म्हणतोय. घरचे शेत विकायला तयार आहेत.

विकू देऊ नका. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून जास्त जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एवढी गर्दी असली की फसवणारे गावोगाव फिरतात. त्यांची रीत ठरलेली असते. दहा जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातला एक जण स्वतःच्या अभ्यासावर लागतो, त्याचं नाव दाखवून पुढचे गिऱ्हाईक धरायचे. पेपर खरोखर फुटला आणि त्यात नाव आलं, तर निवड रद्द होते, पुढच्या परीक्षांची दारं बंद होतात आणि गुन्हा दाखल होतो. केंद्राच्या परीक्षांसाठी असलेल्या २०२४ च्या कायद्यात गैरप्रकार करणाऱ्याला तीन ते पाच वर्षांची कैद आहे, संघटित टोळीला पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. मागणी करणाऱ्याचे मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांकडे द्या.

१७. किती वर्षं द्यावीत? घरचे विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तारीख ठरवा आणि ती घरात मोठ्याने सांगा. पदवीनंतर दोन वर्षं पूर्ण वेळ, हा माझा हिशेब. त्या दोन वर्षांत एकही मुख्य परीक्षा गाठली नाही, तर नोकरी धरा आणि नोकरीसोबत परीक्षा द्या. त्याला हार म्हणू नका. हातात पगार असलेला उमेदवार मुलाखतीत जास्त मोकळा बोलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरं म्हणजे शिडीची पायरी. लिपिक, तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस शिपाई यांतलं जे आधी मिळेल ते घ्या. सेवेत राहून पुढची परीक्षा कार्यालयाला रीतसर कळवून देता येते. खात्यात बढतीही असते. ‘क्लास वनच होणार, खालचं घेणार नाही’ असं म्हणत तिशी ओलांडलेल्या मुलाच्या आईचा फोन मला येतो तेव्हा मी निरुत्तर होतो. परीक्षा लांबतात, निकाल लांबतात. मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. तेव्हाचा त्यांचा राग खरा होता. वेळापत्रक आपल्या हातात नाही, म्हणूनच आपली तारीख आपल्या हातात हवी.

रात्री झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगू नये असं मनात येत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि त्याच रात्री घरी फोन करा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

१८. आंदोलनात माझ्यावर गुन्हा दाखल झालाय. संपलं का सगळं?

संपलं नाही, पण लपवलंत तर संपेल. निवडीनंतर साक्षांकन नमुना भरून घेतात आणि पोलीस चारित्र्य पडताळणी करतात. गुन्हा, अटक, खटला यांबद्दल तिथे स्पष्ट विचारलेलं असतं. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि गुन्हा क्षुल्लक असेल तर नियुक्ती देणाऱ्याने सगळ्या परिस्थितीचा विचार करून ठरवावं. म्हणजे खरं लिहिलेल्याला संधी उरते. खटला निकाली निघाला असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

१९. आम्ही बेळगावकडचे. महाराष्ट्रात अर्ज करता येतो का? आणि गोव्यात?

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत पंधरा वर्षांचं वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रातल्या पदांसाठी अर्ज करता येतो. विहित नमुन्यातला वास्तव्याचा दाखला लागतो. सीमाभागातल्या कॉलेजांतल्या कितीतरी मुलांना हे ठाऊकच नसतं.

गोव्यात राज्य सेवेसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं. मराठी येत असेल तर ते इष्ट मानतात. वरची पदं गोवा लोकसेवा आयोग भरतो, खालच्यांसाठी आता गोवा कर्मचारी निवड आयोग आहे.

२०. एकाच वेळी दोन पदांवर नाव लागलंय. खालच्या पदाचं काय करू?

तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर आयोग भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय देतो. ऑनलाइन खात्यात लॉगिन करून ठरलेल्या मुदतीत तो नोंदवायचा, मुदत मोजक्याच दिवसांची असते. नको असलेलं पद तिथे सोडलं तर ते यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जातं. मुदत निसटली तर तुम्ही रुजू होत नाही, जागा अडकून राहते, आणि खालच्या क्रमांकावरचा मुलगा अभ्यासिकेत पुन्हा पहिल्या धड्यापासून बसतो. ज्या दिवशी यादी लागेल त्याच दिवशी मला फोन करा, पेढे नंतर. आधी तो पर्याय नोंदवून घेऊ.